फुगा, शुक्र आणि परग्रहावरचे पाहुणे

श्रोतेहो, नमस्कार.

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवते का? गुढीपाडवा होता त्या दिवशी. आठच्या सुमाराला विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत असंख्य लोकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले. एकामागून एक, रांगेत. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणी क्षेपणास्त्रापर्यंत गेलं. आणि मोबाइलवर तर तासाभरात एलियन उतरले सुद्धा! त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक मोठं कडं येऊन पडलं. व्यास तीन मीटरच्या आसपास. आजूबाजूच्या भागात धातूचे गोळेही सापडले. कक्षेचा हिशेब जुळवल्यावर अभ्यासकांना माग लागला तो चीनच्या चांग झेंग ३-बी रॉकेटचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या त्या रॉकेटचा एक टप्पा वर्षभर वर फिरत होता, तो खाली आला.

म्हणजे वस्तू खरी, उडणारी खरी, आणि बघणाऱ्यासाठी अनोळखीही खरी. परग्रहावरची तेवढी नव्हती.

मी आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतो, त्यामुळं असलं काही दिसलं की मला फोन येतातच. ‘ओ सर, लायटिंगची माळ चाललीया वर, रेल्वेगत!’ असा फोन आला की मी आधी घड्याळ बघतो. सूर्य मावळून तासभर झालेला असेल, नाहीतर उगवायला तासभर असेल, तर ती स्टारलिंकच्या उपग्रहांची रांग असण्याची शक्यता मोठी. मे २०१९ मध्ये पहिले साठ उपग्रह एका दमात सोडले, तेव्हापासून हा प्रकार सुरू आहे. आपल्याकडं खाली अंधार झालेला असतो, पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन असतं, म्हणून ते चमकतात. पृथ्वीच्या सावलीत शिरले की एकेक दिवा विझतो. फोनवरचा माणूस मग म्हणतो, ‘सर, गायबच झाली की!’ झालीच असणार.

अशा माणसाला वेड्यात काढायची आपल्याकडं फार हौस. मला ते पटत नाही. तो खोटं बोलत नसतो. घोळ होतो तो पुढच्या पायरीवर. ते केवढं मोठं होतं, किती उंचावर होतं, किती वेगानं गेलं, या प्रश्नांची उत्तरं आपला डोळा देऊच शकत नाही, आणि आपण मात्र ती बेधडक देतो.

हे जरा नीट बघू, कारण सगळी गोम इथंच आहे. दोन डोळ्यांच्या जोरावर अंतर कळतं ते जवळच्या टप्प्यात. त्यापुढं आपण झाड, घर, विजेचा खांब अशा ओळखीच्या वस्तूंशी ताडून अंदाज बांधतो. रात्रीच्या आकाशात ताडायला काहीच नसतं. हायवेवर समोरून दोन दिवे येताना दिसतात. तो लांबचा ट्रक की जवळ आलेल्या दोन मोटरसायकली, हे बराच वेळ कळत नाही. तिथं निदान रस्ता तरी पायाखाली असतो. आकाशात अंतर चुकलं की त्याच पटीत आकार चुकतो आणि वेगही चुकतो.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर रात्री रातबगळे उडतात. पोटाकडून फिकट असतात, त्यामुळं काठावरच्या दिव्यांच्या उजेडात खालून पांढरट दिसतात. समजा असा एक बगळा तुमच्यापासून तीस मीटरवरून गेला. पंखांचा पसारा एक मीटर धरू, वेग ताशी छत्तीस किलोमीटर. आता तुम्हाला तो बगळा आहे हे कळलंच नाही, आणि तुम्ही मनाशी धरलंत की ती वस्तू दहा किलोमीटरवर आहे. गणित करून बघा. तुमच्या हिशेबानं ती वस्तू तीनशेहून अधिक मीटर रुंद होते, आणि वेग होतो ताशी बारा हजार किलोमीटर! शिवाय आवाज नाही. एवढं मोठं, एवढं वेगवान आणि तरी निःशब्द. माणसाच्या हातचं हे यंत्र नव्हेच, असा निष्कर्ष निघतो. बगळ्याचं यात काही चुकलेलं नसतं.

नजर तरबेज असली तरी सुटका नाही. २०१२-१३ साली लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी आकाशातल्या अनोळखी प्रकाशाच्या तीनशेहून जास्त नोंदी केल्या. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. शेवटी बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारलं, तेव्हा उत्तर निघालं: एक गुरू आणि दुसरा शुक्र. तिथली हवा विरळ आणि निर्मळ, त्यामुळं ग्रह असे ठसठशीत दिसतात की विश्वास बसू नये. मला यात जवानांचं कौतुकच वाटतं. त्यांनी नुसती बोंब ठोकली नाही, वेळ आणि दिशा लिहून ठेवली, म्हणून तर उलगडा झाला.

आपल्या कोल्हापुरातलं म्हणाल तर शुक्राचा नंबर पहिला. संध्याकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर भेळ खाताना पश्चिमेला पाण्यावर तो उतरतो तेव्हा धुरकट हवेतून लालहिरवा लुकलुकतो, आणि टक लावून बघितलं की हलल्यासारखाही वाटतो. तो भास आपल्याच डोळ्यांचा. उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारं विमान नेमकं तुमच्या रोखानं येत असेल तर त्याचा दिवा कितीतरी वेळ जागच्या जागी टांगल्यासारखा दिसतो. आणि गणपतीत मंडळांच्या शार्पी दिव्यांचे झोत लागले की खालच्या ढगांवर तबकड्याच तबकड्या! त्यांच्यावर मी काय बोलायचं, पोलीस बोलतातच दरवर्षी.

अमेरिकेतली प्रकरणं मी भराभर सांगतो, कारण त्यांच्यावर आधीच गरजेपेक्षा जास्त बोललं गेलंय. १९४७ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलजवळ जे अवशेष सापडले आणि परग्रहावरच्या यानाचे म्हणून गाजले, ते प्रोजेक्ट मोगल या गुप्त मोहिमेतल्या फुग्यांचे असल्याचं तिथल्या हवाई दलानं जाहीर केलं. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरातून टिपायचा, यासाठी ते फुगे होते. सरकारनं लपवलं हे खरंच, पण लपवला तो फुगा. त्यानंतर हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुक या तपासात १९६९ पर्यंत अशा अनोळखी वस्तूंच्या १२,६१८ नोंदी तपासल्या गेल्या, त्यातल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. २०२१ च्या सरकारी अहवालात १४४ नोंदी होत्या आणि खात्रीनं ओळख पटली ती एकाच वस्तूची. तो हवा जात असलेला मोठा फुगा होता. २०२४ मध्ये पेंटॅगॉनच्या खास कार्यालयानं जुनी दप्तरं पुन्हा चाळली, परग्रहाचं यान असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. आता ‘उलगडा झाला नाही’ म्हणजे ‘परग्रहावरून आलं’ असं नव्हे. पोलीस ठाण्यात चोर न सापडलेल्या फायली असतात, म्हणून त्या चोऱ्या भुतानं केल्या असं आपण म्हणत नाही.

फुग्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या गावच्या माणसाकडं येतो. डॉ. जयंत नारळीकर. जन्म १९ जुलै १९३८ चा, आपल्या कोल्हापुरातला. २० मे २०२५ ला ते गेले. लोकांना ते विश्वाच्या उत्पत्तीबद्दलच्या सिद्धांतांसाठी आणि विज्ञानकथांसाठी माहीत आहेत. खरं तर त्यांचं जे काम आजच्या विषयाशी सगळ्यात जवळचं आहे, ते शाळेतल्या मुलांना सुद्धा कुणी सांगत नाही. पृथ्वीवर जीवसृष्टी अवकाशातून आली असेल का, सूक्ष्मजीव धूमकेतूंबरोबर अजूनही झिरपत असतील का, हा त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांचा आवडता प्रश्न. नारळीकरांनी त्यावर भाषणं देत बसण्यापेक्षा फुगा सोडला.

हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडायचं केंद्र आहे, तिथून इस्रोच्या मदतीनं आधी २००१ मध्ये आणि मग एप्रिल २००५ मध्ये हे प्रयोग झाले. दुसऱ्या वेळचा सरंजाम बघा. ४५९ किलोचं उपकरण, त्यात पोलादाच्या सोळा नळ्या. आतली हवा काढून टाकलेल्या, निर्जंतुक केलेल्या, आणि सगळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. एवढी थंडी कशासाठी? नळीचं तोंड उघडलं की बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन तिथंच गोठावी म्हणून. वीस ते एकेचाळीस किलोमीटर या उंचीच्या दरम्यान वेगवेगळ्या ठिकाणी हवा भरून घेतली, आणि नळ्या पॅराशूटनं खाली आणल्या. तपासणी एकाच ठिकाणी केली नाही. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात केली आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेतही केली. जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या. त्यांतल्या तीन जिवाणूंच्या जाती तोवर कुणाला माहीतच नव्हत्या, आणि अतिनील किरणांपुढं त्या आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा जास्त चिवटपणे टिकत होत्या. एकीला हॉईल यांचं नाव दिलं, दुसरीला इस्रोचं, तिसरीला आर्यभटाचं.

२००९ मध्ये हे जाहीर झालं तेव्हा ‘परग्रहावरचे जीव सापडले’ म्हणायचा मोह कुणालाही झाला असता. जाहीर निवेदनात लिहिलं काय, तर हे जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत असं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पण काम पुढं न्यायला उत्तेजन मिळतं. ज्यांच्या गुरूचं आयुष्य त्या कल्पनेत गेलं, त्यांनी एवढंच लिहावं! अवकाशातल्या जीवांबद्दलचा माझा सगळा आदर या एका वाक्यापाशी जमा होतो.

मग बाहेर कुणी आहे का? मला विचाराल तर सूक्ष्मजीव असावेत, अशी माझी बऱ्यापैकी खात्री आहे. १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला, आज अशा परताऱ्यांच्या ग्रहांची यादी सहा हजारांवर गेली आहे. पृथ्वीवर जीव आले ते साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी, म्हणजे पृथ्वी थंड झाल्यावर फारसा वेळ न घालवता. पण त्यानंतरचा बहुतेक काळ इथं नुसते एकपेशीय जीव होते. रेडिओ लहरी पाठवू शकणारा प्राणी तर जेमतेम सव्वाशे वर्षांचा. त्यामुळं जीव असणं सोपं असेल, बुद्धिमान असणं अवघड, आणि आपण आहोत नेमक्या त्याच वेळी त्यांनीही असणं त्याहून अवघड.

त्यात अंतरं! व्हॉयेजर-१ हे यान १९७७ मध्ये निघालं. त्याच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, तिच्यात मराठीतला नमस्कार आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारातले. तेव्हा आपल्या कोल्हापूरच्या गायकीनंच सूर्यमालेची वेस ओलांडली असं मी म्हणतो, जयपूर-अत्रौली घराण्यावाल्यांनी रागावू नये. तर हे यान सेकंदाला सतरा किलोमीटर वेगानं चाललंय. सगळ्यात जवळच्या ताऱ्याच्या, प्रॉक्झिमाच्या रोखानं ते निघालं असतं तरी पोचायला सुमारे पंचाहत्तर हजार वर्षं लागली असती.

लहरी पाठवणं स्वस्त पडतं. एफएमच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत येत नाहीत, भेदून पुढं जातात. म्हणजे एफएमवरचं माझं हे बोलणं सव्वाचार वर्षांनी प्रॉक्झिमापाशी पोचेल. ऐकू मात्र येणार नाही, इतकं ते क्षीण झालेलं असेल. तिकडचं ऐकायला आपण १९६० पासून रेडिओ दुर्बिणी लावून बसलोय. ऐकणाऱ्यांनाही चकवे भेटतातच. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला कित्येक वर्षं अधूनमधून काही चमत्कारिक स्पंदनं मिळत होती. २०१५ मध्ये कारण सापडलं: तिथल्या कुणीतरी चालू मायक्रोवेव्हचं दार वेळेआधीच उघडत होतं. जेवण गरम व्हायची घाई!

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहावर डायमिथाइल सल्फाइडची चाहूल लागल्याचं सांगितलं. आपल्याकडं हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात. इतरांनी तीच मोजमापं पुन्हा तपासली, त्यांना खूण फारच पुसट वाटली. वाद चालू आहे, चालू द्यावा. माझी नजर गुरूच्या युरोपा या चंद्राकडं आहे. त्याच्या बर्फाखाली समुद्र आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सुटलेलं युरोपा क्लिपर यान २०३० च्या एप्रिलमध्ये गुरूपाशी पोचायचं आहे. तिथं जीव राहू शकतील का, एवढंच ते तपासणार आहे.

दरम्यान तुम्हाला आकाशात काही विचित्र दिसलं तर फोन जरूर करा. त्याआधी कागदावर वेळ लिहा, दिशा लिहा, आणि हात लांब करून मूठ धरा: क्षितिजापासून किती मुठी वर होतं तेही लिहा. एक मूठ साधारण दहा अंशांची असते. व्हिडिओ घेतलात तर झाडाची फांदी किंवा घराचा कोपरा चौकटीत येऊ द्या, नुसता काळ्यावर पांढरा ठिपका मला काही सांगत नाही. आणि हैदराबादचे फुगे वाऱ्यानं सोलापूरच्या बाजूलाही येतात. तिकडं तुमचं कुणी असेल, आणि त्यांच्या शेतात पातळ प्लॅस्टिकचा ढीग आणि पॅराशूटला बांधलेली पेटी येऊन पडली, तर ती उघडू नका म्हणावं. पेटीवर पत्ता लिहिलेला असतो, जवळच्या पोलीस ठाण्यात कळवलं की संस्थेची माणसं येऊन घेऊन जातात.

नमस्कार.