टेकडीच्या तोंडाशी विसावा

(सकाळ. अंधुक उजेड. चढणीवर पावलांचा आवाज.)

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, आणि वेताळ टेकडीचा माथा ८०० मीटरच्या आसपास. मधला हा चढ चढायला साडेपाचपासूनच माणसं येतात. त्यांत सत्तरी ओलांडलेलीही असतात. दम लागला की ती उभ्याउभ्याच थांबतात, गुडघ्यांवर हात ठेवून. टेकायला जागाच नसते. मग हळूहळू त्यांचं येणं बंद होतं.

वारीत दोन मुक्कामांच्या मधे विसावे असतात. चालणाऱ्याला टेकायला जागा लागते, हे वारकऱ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. रोज टेकडी चढणाऱ्यांनाही विसावा हवाच.

(पायथ्याची पट्टी. जुने फोटो.)

वरची जमीन वनखात्याची. तिथे परवानगीशिवाय दगडही हलवायचा नाही. पण वाटेच्या तोंडाशी, वनहद्दीच्या अलीकडे, आमच्या सोसायटीची थोडी मोकळी जागा होती. वर्षानुवर्षं तिथे राडारोडा पडत होता: फरश्यांचे तुकडे, विटा, पोत्यातच घट्ट झालेलं सिमेंट. तो उचलायला पाच रविवार लागले. खाली मुरूम निघाला आणि कडेला एक जुना करंज, कंबरेएवढा गाडलेला.

कट्टा कुठे करायचा, हा प्रश्न तिथेच सुटला. करंज पानं गाळतो, पण उन्हाळा तापायच्या आत पुन्हा पालवतो. बहावा आणि पांगारा फुलले की नजर हटत नाही, पण ऐन उन्हात त्यांची सावली नसते.

पार बांधायचा मोह सगळ्यांनाच झाला. गावाकडची आठवण आहे ती. पण बुंध्याला भिडून सिमेंट ओतलं की मुळांना पाणी मिळत नाही, हवाही नाही. म्हणून बुंध्याभोवती चार फूट माती मोकळी सोडली आणि त्यापलीकडे काळ्या दगडाचा कट्टा रचला, सिमेंट न वापरता.

(कट्ट्यावर बसणारे, उठणारे हात.)

खरा वाद उंचीवर झाला. शेवटी विटांच्या थरांवर फळी ठेवून आज्या-आजोबांनाच बसवून पाहिलं. दीड फूट. त्याहून ठेंगणं असेल तर उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. एका टोकाला लोखंडी दांडा आहे, धरून उठायला. या सगळ्या कामात मला तो दांडाच सर्वांत मोलाचा वाटतो.

नवी झाडं दोनच लावली, उंबर आणि कडुनिंब. मुरमात पाणी टिकत नाही. पहिली दोन-तीन वर्षं पावसाळा येईपर्यंत त्यांना जगवावं लागतं. नळ नाही, म्हणून फिरायला येणारे घरून एकेक बाटली आणतात. कडेचं गवत आम्ही वाळलं की लगेच कापतो, कारण उन्हाळ्यात एक ठिणगी वरपर्यंत वणवा नेऊ शकते.

(कट्टा. पाठमोऱ्या एक आजी.)

या आजींनी दोन वर्षांपूर्वी टेकडी सोडली होती. आता त्या सकाळी इथे येतात, करंजाखाली बसतात, मग पहिल्या वळणापर्यंत जाऊन परततात. वरून उतरणाऱ्यांचं मागणं मात्र वेगळं आहे: पाणपोई. रांजण आणलाय. तो रोज घासून भरायच्या पाळ्या या रविवारी लावायच्या आहेत.