घोडा का अडला?

(दृश्य : पायवाटेवर साचलेलं डबकं. स्वारासह थबकलेला घोडा.)

पानं का सडली, भाकरी का करपली, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. भाकरीपुरतं हे उत्तर बरोबर आहे. घोड्याची कारणं मात्र घोड्यालाच विचारावी लागतात.

हा डबक्यापाशी अडलाय. त्याला मान खाली घालून पाणी हुंगायचंय, पण लगाम वर ताणलेला. थोडा सैल सोडला असता, तर कदाचित तो चालू लागला असता.

घोडा ही मुळात शिकार होणाऱ्या प्राण्याची जात. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांचं दिसतं. नाकाच्या अगदी समोरचं आणि शेपटीमागचं तेवढं दिसत नाही. म्हणून जाणता मोतद्दार खांद्याच्या बाजूनं जवळ येतो, आणि मागून जाताना आवाज देतो.

(दृश्य : कान, डोळा, शेपूट जवळून.)

कान मागे चपटे झाले, शेपटी झटकली, डोळ्यातलं पांढरं दिसू लागलं. एवढं सांगूनही कुणी ऐकलं नाही, की मग लाथ. दुखणं खोगिराखाली असतं, दातात असतं, खुरात असतं; 'खोडील' हा शिक्का मात्र घोड्यावर बसतो.

आपण त्याला वाचत नसलो, तरी तो आपल्याला वाचतो. बर्लिनमधला हान्स हा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली त्याचं गुपित मांडलं. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला, की माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्सची टाप थांबायची. लोकांच्या लेखी तो तिथंच नापास झाला. मला तर हे गणिताहून अवघड वाटतं!

म्हणून शिकवताना खरी मेख दाब देण्यात नाही, सोडण्यात आहे. त्यानं पाऊल उचललं त्याच क्षणी लगाम सैल व्हायला हवा. उशीर झाला, तर आपण काय बरोबर केलं हे त्याला कळतच नाही.

(दृश्य : कुंपणाला टांगलेले तीन फलक.)

नॉर्वेतल्या संशोधकांनी तर सरळ विचारून पाहिलं. झूल घाला, झूल काढा, आहे तसं राहू द्या, अशा अर्थाचे तीन फलक. नाक लावून निवडायचं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातले २३ च्या २३ घोडे दोन आठवड्यांत हे शिकले. गार, ओल्या हवेत त्यांनी झूल मागितली. ऊबदार दिवशी नाकारली.

रोज फलक टांगायची गरज नाही. खरारा करताना हात मध्येच थांबवा. आयाळ संपते तिथं, जिथं घोडे एकमेकांना खाजवतात, तिथं बोटं फिरवून पाहा. वरचा ओठ लांबवत तो हाताकडे रेलला, तर चालू ठेवा. बाजूला सरकला, तर खरारा खाली ठेवा.