भाताच्या शेतात पाणी का साठवतात?

नमस्कार मंडळी! जगातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं रोजचं जेवण तांदळावर चालतं. आणि हे पीक पाणी खातं ते किती? किलोभर साळीमागे, म्हणजे टरफलासकटच्या तांदळामागे, सरासरी २५०० लिटरच्या आसपास. मग आपण ठरवून टाकतो, भाताला तहान फार. पण खाचरात साठवलेलं सगळं पाणी भात पीतच नाही. बरंचसं जमिनीत मुरतं, काही उन्हानं उडून जातं.

मग ते साठवायचं कशाला? मुख्य कारण आहे तण.

[स्क्रीनवर: भाताच्या मुळाचा आडवा छेद]

हे मूळ बघा. आत या पोकळ्या दिसतायत ना? त्या खोडातून वर पानांपर्यंत जातात. पानांत शिरलेली हवा याच वाटेनं चिखलातल्या मुळांपर्यंत पोचते. गव्हाचं शेत असंच पाण्याखाली ठेवलं, तर मुळं गुदमरून पीक पिवळं पडेल. बहुतेक तणांचंही तेच. पाण्याखाली हवा नाही, त्यामुळे त्यांचं बी रुजतच नाही. भात मात्र मजेत फुटवे काढत राहतो. वर लावणीचं रोप आधीच तीन-चार आठवड्यांचं असतं, म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच ते पुढे!

पण पाणी शेतात टिकायला तर हवं. म्हणून चिखलणी. पाणी भरलेलं शेत नांगरून, तुडवून मातीची घडणच मोडून टाकायची. खाली घट्ट थर बसतो आणि पाणी सावकाश मुरतं. इतर पिकांत ज्याला आपण जमिनीची नासाडी म्हणू, ते इथे मुद्दाम, मेहनत घेऊन करतात. त्याचा त्रास होतो भातानंतरच्या पिकाला, त्याची मुळं त्या थराला अडतात.

दुसरी अडचण मिथेनची, म्हणजे पृथ्वीचं तापमान वाढवणाऱ्या एका वायूची. हवा नसलेल्या चिखलात काही सूक्ष्मजीव हा वायू तयार करतात. तो बाहेर पडतो कुठून? बहुतांश त्याच पोकळ्यांतून! हवा खाली नेणारी वाट मिथेनला वर आणते.

यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण तो अगदी साधा आहे. खालच्या भागाला भोकं पाडलेला एक पाइप शेतात रोवायचा आणि आत डोकवायचं. पाणी जमिनीच्या पातळीपासून १५ सेंटिमीटर खाली गेलं की पुन्हा भरायचं, तोवर थांबायचं. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेनं ही पद्धत पुढे आणली. पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचू शकतं, मिथेनही बराच घटतो आणि नीट केलं तर उत्पादन सहसा कमी होत नाही.

दोन वेळा मात्र हा कंजूषपणा नको. एक, लावणीनंतरचे पहिले दोनेक आठवडे, कारण तेव्हा तण जोरात असतं. आणि दुसरी, पीक फुलोऱ्यात असताना. भाताचं एकेक फूल सकाळी तासभरच उघडतं, तेवढ्यात परागीभवन उरकतं. त्या दिवसांत पाण्याचा ताण बसला, किंवा तापमान ३५ अंशांच्या वर गेलं, तर लोंबी वरून छान दिसते आणि हातात चोळली की नुसती टरफलं, दाणा पोचट. नंतर कितीही पाणी दिलंत तरी ते दाणे भरत नाहीत.

कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी बांध फोडून उरलेलं पाणी काढून देतात. तिथून साळीचा तांदूळ कसा होतो, ते पुढच्या व्हिडिओत बघू.