तीन दोर सुटलेलं गलबत

(देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयात बारावीच्या मुलांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पुढे मुलं बसली आहेत, मागे त्यांचे आईवडील, आणि दाराशी कंटाळा आला तर गुपचूप निसटणारी मंडळी. मीही कुठल्या व्याख्यानाला गेलो की दाराशीच बसतो, त्यामुळे तुमच्यावर राग नाही.

आता हेच 'तुमच्यावर राग' इंग्रजीत करायला सांगितलं की निम्मा वर्ग 'अँग्री ऑन यू' लिहितो. 'वर' म्हणजे 'ऑन', मग बिघडलं कुठे? पाहिजे 'अँग्री विथ यू'. तीच गत 'मॅरीड विथ'ची. आपलं लग्न कोणाशी तरी होतं, त्यांचं 'मॅरीड टू'. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, आणि त्यांच्या 'डिस्कस'ला पुढे 'अबाउट' चालतच नाही. याला नियम काय म्हणून मुलं विचारायची आणि मी वर्षानुवर्षं फळ्यावर नियम लिहीत राहिलो. त्या नियमांनी कोणाचं फारसं भलं झालं असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा आपलाच 'हात' घ्या. पैसे हातात आले. शोधलं, पण हाती काही लागलं नाही. पोलिसांच्या हातावर तुरी दिली. हातचं राखून सांगितलं. हाताशी एक माणूस हवा होता. हे तुम्हाला कोणी कोष्टक करून शिकवलं? आजी बोलायची, तुम्ही ऐकायचात. त्यांचं 'हँड'ही तसंच. काम 'इन हँड' म्हणजे हाती घेतलेलं. 'ऑन हँड' म्हणजे लागेल तेव्हा हजर. परीक्षा 'ॲट हँड' म्हणजे तोंडावर आली. बघा, त्यांनी परीक्षा हाताशी आणली, आपण तोंडावर. तेव्हा शब्द सुटा पाठ करू नका, त्याच्या पुढचं-मागचं शेपूट धरूनच उचला.

'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' यांतला फरक एसटीने जाणाऱ्याला तरी कळायलाच हवा. गाडी फलकावर लिहिलेल्या वेळेला सुटली तर ती 'ऑन टाइम'. आणि ती सुटायच्या आत तुम्ही धापा टाकत थांब्यावर पोचलात तर तुम्ही 'इन टाइम'. गाडीला वेळापत्रक असतं, तुम्हाला फक्त ती चुकू नये एवढंच असतं.

आणखी एक गंमत. 'गो टू द सी' म्हणजे समुद्रावर जाणं. रविवारी आपण भेळ खायला जातो तसं. त्यातला 'द' काढा, 'गो टू सी'. झालं, पोरगा खलाशी झाला, बोटीवर गेला! एका 'द'ने घर सुटतं. तो तिकडे बोटीवर आहे म्हणजे 'ॲट सी'. पण कार्यालयातला एखादा माणूस कागद उलटेपालटे करत 'ऑल ॲट सी' असेल, तर त्याला काही सुधरत नाहीये. चहूकडे पाणी, किनारा दिसत नाही, तशी त्याची अवस्था.

इथे मला माझी एक फजिती सांगायची आहे. 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे दारू पिऊन तर्र. नवीन नोकरी होती, मी वर्गात ठोकून दिलं की शीट म्हणजे शीड, तीन शिडं वाऱ्यावर सोडलेलं जहाज भरधाव सुटतं, तसा दारुडा. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. मनात मात्र खटकत होतं. भरधाव आणि दारुडा? आमच्या वाडीतला दारुडा भरधाव जाताना मी तरी पाहिलेला नाही.

पुढे कळलं की शीट म्हणजे शीड नव्हेच, शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला दोर. तो ओढून धरला तर शिडात वारा भरतो. वाडीत एक म्हातारे तांडेल होते, उमेदीची वर्षं शिडाच्या गलबतावर काढलेले. पुळणीवर जाळं सांधत बसले होते. मी विचारलं, "आजोबा, शिडाचे दोर सुटले तर काय होतं?" त्यांनी सुई जाळ्यात खोचली, उठून उभे राहिले, दोन्ही हात सैल सोडले आणि कललेल्या माडासारखे आधी डावीकडे, मग उजवीकडे झुकले. गुडघे वाकलेले, मान लटकती. "शीड फडफडतला, आनि व्हडी अशी," म्हणाले. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. वाक्प्रचार मात्र त्यांनी पुरा करून दाखवला. दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली आणि तस्संच करून दाखवलं. इतर काही आठवत नसलं तरी माझ्या विद्यार्थ्यांना ते आठवतं.

इंग्रज लोक दर्यावर्दी, त्यामुळे त्यांच्या रोजच्या बोलण्यात जहाजाचं सामान खच्चून भरलंय. 'बाय अँड लार्ज' आपण 'साधारणपणे' या अर्थाने सर्रास वापरतो. 'बाय' म्हणजे वारा जिकडून येतो, जमेल तितकं त्याच्या तोंडाकडे जहाज हाकणं. 'लार्ज' म्हणजे वारा पाठीमागून घेऊन चालणं. दोन्ही प्रकारे नीट चालणारं जहाज ते एकूणात चांगलं. 'टेकन अबॅक' तसंच: वारा एकदम फिरला, समोरून शिडावर आदळला, शीड उलटं डोलकाठीवर दाबलं गेलं आणि जहाज जागच्या जागी थबकलं. आपण चाट पडतो तसं. 'हाय अँड ड्राय' म्हणजे ओहोटी लागली, पाणी निघून गेलं आणि बोट वाळूवर अडकून पडली. पण १ जूनला मासेमारी बंद झाली की आपण होड्या वर ओढून शाकारतो, त्या 'हाय अँड ड्राय' नव्हेत. त्या आपण आपल्या खुशीने ठेवल्या. वाक्प्रचारात दगा हवा, पाण्याने ऐनवेळी साथ सोडलेली हवी.

'टाइड ओव्हर'ला आपली खाडी आठवा. मुखाशी गाळ साचलेला, वारा पडलेला. मग भरतीची वाट बघायची आणि चढत्या पाण्याबरोबर गाळावरून आत सरकायचं. म्हणून 'हे पैसे महिनाभर टाइड ओव्हर करतील' म्हणजे अडचण निभावून नेतील. श्रीमंत करणार नाहीत, गाळ पार करून देतील.

आणि मग 'टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन'. इथे मात्र समुद्र आणायचा नाही! जुन्या इंग्रजीत 'टाइड' म्हणजे वेळच. भरती हा अर्थ नंतरचा. त्या म्हणीत एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, आपण 'काळवेळ' म्हणतो तशी. मला यात खरी मौज वाटते ती वेगळी. संस्कृतात 'वेला' म्हणजे काळही आणि समुद्राची भरतीही, किनाराही. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या लोकांनी काळ आणि पाणी एकाच शब्दात बांधलं. यात नवल नाही. आपल्याकडे अजून तिथीला पाऊणने गुणून भरती काढतात: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. ज्याचं घड्याळच समुद्र आहे, तो दोन शब्द कशाला करील?

आपल्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा पानावर दोन स्तंभ होते, एक इंग्रजी, एक मराठी, शेजारी शेजारी. दोन भाषांची बैठक मला अशीच आवडते. एकीने दुसरीच्या मांडीवर बसू नये. 'बुडत्याला काडीचा आधार' त्यांच्याकडेही आहे, तिथेही काडीच. तिथे खुशाल हात मिळवावा. पण 'बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप सी'ला सैतान आणि खोल समुद्र मराठीत आणू नका. आपल्याकडे आड आहे, विहीर आहे.

शेवटचा एक, मग चहा घेऊ. 'इन द ऑफिंग'. निवडणूक 'इन द ऑफिंग' आहे, असं पेपरात वाचता ना? ऑफिंग म्हणजे किनाऱ्यावरून दिसणारा, पण नांगर टाकायच्या जागेपलीकडचा समुद्र. तिथे जहाज दिसलं म्हणजे ते अजून आलेलं नाही, पण येणार हे नक्की. माझी आई संध्याकाळी सड्यावर जाऊन पश्चिमेला बघत उभी राहायची. मामांची होडी तिथे टिकलीएवढी दिसली, की घरी येऊन भाताचं आधण ठेवायची.