हायडेलबर्गहून बनारसला आलेले प्रश्न

अमरावतीत राज्यघटनेवर बोलायचं तर सुरुवात मुधोळकरांपासून करावी लागते. रंगनाथ नरसिंह मुधोळकर, १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष, इथलेच वकील. त्यांचे चिरंजीव जनार्दनराव पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. ३० ऑक्टोबर १९६४ ला सज्जनसिंग खटल्याचा निकाल लागला. जमीन सुधारणा कायद्यांना संरक्षण देणाऱ्या सतराव्या घटनादुरुस्तीला दिलेलं आव्हान फेटाळलं गेलं, आणि मुधोळकरांचाही कौल फेटाळण्याकडेच होता. पण आपल्या स्वतंत्र निकालपत्रात ते एक शंका लिहून गेले. घटनेचं एखादं मूलभूत वैशिष्ट्यच बदललं, तर ती नुसती दुरुस्ती म्हणायची की घटनेचा तेवढा भाग नव्यानं लिहिणं म्हणायचं? आणि नव्यानं लिहिणं असेल, तर घटनादुरुस्तीचा अधिकार देणाऱ्या ३६८ व्या कलमात ते बसतं का? ही शंका मांडताना त्यांनी हवाला दिला होता पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या निकालाचा. आज कोणी असा हवाला दिला तर संध्याकाळी टीव्हीवर काय होईल, ते तुम्हीच ठरवा.

मी कायद्याच्या मुलांच्या तोंडी परीक्षा घेतो. घटनेची मूळ चौकट दुरुस्ती करूनही मोडता येत नाही, हा मूलभूत चौकटीचा सिद्धांत कुणी आणला, असं विचारलं की दहातली नऊ मुलं सांगतात, पालखीवाला. दहावं म्हणतं, केशवानंद. हे केशवानंद केरळातल्या एका मठाचे स्वामी, ज्या खटल्यात हा सिद्धांत आला त्यातले अर्जदार, बिचाऱ्यांचा सिद्धांताशी काही संबंध नाही. त्यांचे वकील नानी पालखीवाला, त्यांचं श्रेय मी नाकारत नाही. पण या गोष्टीत एक जर्मन प्राध्यापक आहे, आणि त्याचं नाव मी आजवर एकाही मुलाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

डीट्रिश कॉनराड. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत तो कायदा शिकवायचा. फेब्रुवारी १९६५ मध्ये, म्हणजे मुधोळकरांच्या शंकेनंतर चारेक महिन्यांत, बनारस हिंदू विद्यापीठाच्या विधी विभागात त्याचं व्याख्यान झालं. विषय होता घटनादुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा आहेत का. त्यानं समोरच्यांना काही प्रश्न घातले. पहिलं कलम दुरुस्त करून भारताचे दोन तुकडे करता येतील का? एकविसावं कलम काढून टाकून, कायद्याचा आधार नसतानाही माणसाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येईल का? आपलं बहुमत आटत चाललंय असं दिसल्यावर सत्ताधारी पक्ष ३६८ वं कलमच बदलून, दुरुस्तीचा अधिकार पंतप्रधानांच्या सल्ल्यानं चालणाऱ्या राष्ट्रपतींकडे देऊ शकेल का? आणि शेवटी, दोन तृतीयांश मतांनी मोगल बादशाही परत आणता येईल का?

शेवटच्या प्रश्नाला लोक हसले असतील. पण विचारणारा ज्या गावाहून आला होता, तिथं हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नव्हता. इथं जरा थांबतो, कारण माझ्या दृष्टीनं सगळी गोम इथेच आहे.

वायमार घटनेवरचा, म्हणजे हिटलरपूर्व जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेवरचा, सगळ्यात वजनदार भाष्यग्रंथ गेऱ्हार्ड आनश्युट्झ यांचा. त्याच्या चौदा आवृत्त्या निघाल्या. ७६ व्या कलमाखाली घटना दुरुस्त करता येते आणि त्या अधिकाराला विषयाची म्हणून कुठलीही मर्यादा नाही, असं त्यांचं मत. विधिमंडळाला हवं ते करता येतं, फक्त ठरलेलं बहुमत पाहिजे. माणूस पक्का लोकशाहीवादी. मत बेइमानीचं नव्हतं, काटेकोरपणाचं होतं. २३ मार्च १९३३ ला बर्लिनच्या क्रोल ऑपेरा हाउसमध्ये राइशटाग, म्हणजे जर्मन संसद, भरली. कम्युनिस्ट सदस्य एक तर तुरुंगात होते, नाही तर भूमिगत. सभागृहात नाझी पक्षाच्या एसए या निमलष्करी दलाचे गणवेशातले लोक उभे होते. कायदे करण्याचे, घटनेला सोडून कायदे करण्याचेसुद्धा, अधिकार हिटलरच्या सरकारला देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर झाला. बहुमत भरलं. आठवड्याभरात आनश्युट्झ यांनी सेवानिवृत्ती मागितली. नव्या राजवटीचा कायदा आपल्याला शिकवता येणार नाही, असं त्यांनी कळवलं. ते शिकवत होते हायडेलबर्गला.

१९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्यात म्हणूनच ७९ (३) हे कलम आलं. मानवी प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य या तत्त्वांना दुरुस्तीनंही हात लावता येत नाही. आपल्या घटनेत असं कलम नाही. कॉनराड म्हणत होता, कलम लिहिलेलं नसलं तरी मर्यादा असतेच, कारण दुरुस्ती करणारी संस्था घटनेतूनच जन्मलेली असते. ज्या फांदीवर बसायचं तीच तोडता येत नाही, एवढं साधं.

ते व्याख्यान वकील एम. के. नंबियार यांच्या हाती पडलं. त्यांनी ते गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे वाचून दाखवलं. २७ फेब्रुवारी १९६७ चा निकाल सहा विरुद्ध पाच असा लागला: मूलभूत हक्कांवर घाला घालणारी दुरुस्ती संसदेला करता येत नाही. सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी या युक्तिवादात बराच जोर असल्याचं म्हटलं आणि त्यावर निर्णय देण्याचं टाळलं. मग तो अधिकार संसदेला परत देणारी चोविसावी दुरुस्ती आली, तिला आव्हान देणारा केशवानंद खटला आला. तेरा न्यायमूर्ती, ६८ दिवस सुनावणी, २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा: संसदेला घटना दुरुस्त करता येते, पण तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही. पारडं ज्यांच्या मतानं झुकलं त्या न्या. हंसराज खन्नांनी कॉनराडचं म्हणणं आपल्या निकालपत्रात घेतलं. गंमत अशी, की 'अंगभूत मर्यादा' ही कल्पना त्यांनी स्वीकारली नाही. दुरुस्ती या शब्दाच्या अर्थातूनच ते तिथं पोचले: जुनी घटना ओळख न हरवता उरली, तरच ती दुरुस्ती. अभ्यासकाचं म्हणणं न्यायालयात पोचतं ते बहुधा असंच, वाटेत आकार बदलत. याचं वाईट वाटून घेऊ नये. कॉनराडनं घेतलं असेल असं मला वाटत नाही.

समोर केरळतर्फे उभे होते आपले होरमसजी सीरवाई, महाराष्ट्राचे महाधिवक्ता. संसदेचा अधिकार अमर्याद आहे, असं त्यांनी जीव तोडून मांडलं. पुढे राज्यघटनेवरच्या आपल्या भाष्यग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत त्यांनी मत बदललं, आणि ते उघड, छापून. चुकलो असं ग्रंथात लिहिणारा वकील मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांचं मत फिरायला १९७५ कारणीभूत झालं. अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवड रद्द केली होती, अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढणारी एकोणचाळिसावी दुरुस्ती ७ ऑगस्टला लोकसभेत मंजूर झाली, ८ ला राज्यसभेत, ९ ला शनिवारी राज्यांच्या विधानसभा भरवल्या गेल्या, १० ला रविवारी राष्ट्रपतींची सही झाली. बनारसचा तिसरा प्रश्न आठवा. थोडा वेगळा, पण जातकुळी तीच.

अपील पाच न्यायमूर्तींपुढे आलं. त्यांतले चौघे केशवानंदमध्ये अल्पमतात होते. मूलभूत चौकट मानणारे एकटे खन्ना. तरीही ७ नोव्हेंबरला ते कलम रद्द झालं. रद्द करणाऱ्यांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. दोन वर्षांपूर्वी ज्या सिद्धांताच्या विरोधात त्यांनी लिहिलं, तोच आता बंधनकारक कायदा म्हणून त्यांना लावावा लागला, आणि त्यांनी तो लावला. खटला मात्र इंदिरा गांधीच जिंकल्या. निवडणूक कायदाच पूर्वलक्षी प्रभावानं बदलून ठेवलेला होता.