मोटर जोडण्याआधी

(दृश्य: वडोदरा, मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहत. शेडमधलं टेबल, तळहाताएवढा बोर्ड.)

मोटर चालवणारा बोर्ड तपासायचा आहे, आणि टेबलावर मोटरच नाही. बरोबरच आहे. तिची पाळी शेवटी.

आधी सप्लाय, तोही करंटला मर्यादा घालून. कुठे शॉर्ट असेल तर सप्लायच हात आखडता घेतो आणि मॉसफेट, म्हणजे मोटरला करंट देणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, वाचतात.

मग इनपुट. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, कुठल्या स्थितीत आहे ते तीन हॉल सेन्सर सांगतात. तीन सिग्नल, प्रत्येक शून्य किंवा एक. म्हणजे आठ शक्यता. सेन्सर १२० अंशांवर असतील तर त्यातल्या सहाच खऱ्या. तिन्ही शून्य किंवा तिन्ही एक आले, तर वायर तुटली किंवा सेन्सर गेला. इथे मोटरऐवजी तीन स्विच लावलेत, आणि या दोन खोट्या शक्यता मुद्दाम दिल्या जातात.

ट्रेनिंगला आलेली मुलगी कलाभवनची, म्हणजे एम. एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीची.

"काका, इमर्जन्सी स्टॉपची वायर काढू?"

"काढ गं. चालतो का ते सगळेच बघतात. तू थांबतो का ते बघ."

हे बटण नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे दाबेपर्यंत सर्किट जोडलेलं, असतं ते याचसाठी. वायर तुटली तरी बोर्डाला 'थांब' असंच कळतं.

(दृश्य: स्कोपचा, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा, पडदा.)

आता आउटपुट. तीन फेज, म्हणजे मोटरला जाणाऱ्या तीन वायरी; प्रत्येकीला वरचा (सप्लायच्या प्लसकडचा) आणि खालचा (मायनसकडचा), असे सहा मॉसफेट. एकाच फेजचे वरचा आणि खालचा एकदम चालू झाले, तर सप्लाय सरळ शॉर्ट! म्हणून दोघांमध्ये डेड टाइम, म्हणजे दोन्ही बंद असण्याची फट, ठेवतात. पीडब्ल्यूएम म्हणजे मॉसफेट भराभर चालू-बंद करणं; २० किलोहर्ट्झला त्याचा एक फेरा ५० मायक्रोसेकंदांचा. त्यात ही फट एका मायक्रोसेकंदाची. प्रोग्रॅममधला आकडा वाचून भागत नाही. ड्रायव्हर (मॉसफेट चालवणारी चिप) आणि मॉसफेटही आपापला वेळ खातात, तेव्हा मोजायचं ते गेटवरच, म्हणजे मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या त्याच्या पायावरच.

पण जपून. स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते. ती वरच्या मॉसफेटच्या सोर्सला, म्हणजे फेजकडच्या पायाला, लावली आणि सप्लायही अर्थ केलेला असला, तर ठिणगी ठरलेली. त्यापेक्षा दोन चॅनल घ्यावेत, एक गेटवर, एक सोर्सवर; वजाबाकी स्कोपलाच करू द्यावी.

बरेच जण विसरतात ती तपासणी रीसेटची. रीसेट दाबून धरला की कंट्रोलरचे, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपचे, पिन मोकळे सुटतात. तरीही सहाही गेट बंदच हवेत; ते काम ड्रायव्हरच्या इनपुटवरच्या पुल-डाउन, म्हणजे मोकळा सिग्नल शून्यावर खेचणाऱ्या, रेझिस्टरांचं.

एवढं झालं की मोटर जोडायची. ती नुसतीच थरथरली, तर बोर्डाला बोल लावण्याआधी हॉलच्या आणि फेजच्या वायरींची जुळणी बघा.