बॉनेटमध्ये ट्यूबलाइट सरळ दिसली पाहिजे! मॉडेल कारची ग्लॉस फिनिश, आपल्या नागपूरच्या हवेत

नमस्कार भावांनो. हे बघा, माझ्या हातात दोन बॉनेट आहेत, दोन्ही 1/24 स्केलचे, दोन्हीवर तोच लाल रंग आणि तोच क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चमकदार थर. आता वरच्या ट्यूबलाइटखाली धरतो, कॅमेरा जवळ घेतो थांबा. ह्याच्यात ट्यूबची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ दिसून राहिली, आणि ह्याच्यात तीच रेघ अशी थरथरते, कडा फाटलेल्या. चमक दोघांनाही आहे, पण गाडी ही वाटते, ते दुसरं चमकदार प्लास्टिक वाटते.

ह्या लहरींना ऑरेंज पील म्हणतात, आणि नागपूरकरांना ते काय समजावून सांगायचं, संत्र घ्या, उजेडात फिरवा, सालीवर जे बारीक खड्डे दिसतात तेच. खऱ्या गाडीच्या पेंटवरही थोडं असतेच, पण आपल्या गाडीवरची 1 मिलिमीटरची लहर खऱ्या गाडीवर 24 मिलिमीटरची झाली असती, म्हणजे जवळपास इंचभर! अशी गाडी शोरूममधून कोणी घरी आणेल का?

बऱ्याच जणांना वाटते की क्लिअर जाड मारला की ग्लॉस येते. क्लिअर खाली जसं आहे तसाच बसतो हो, खाली खरखरीत तर वरही खरखरीत. म्हणून सुरुवात बॉडीपासून. भांड्याच्या साबणाने धुवा, साच्यातला तेलकटपणा निघून जातो, मग साच्याच्या जोडाची जी बारीक रेघ फेंडरवर असते ती घासून काढा, मग प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचा खालचा थर. मिस्टर सरफेसर 1500 किंवा तामियाचा फाइन सरफेस प्रायमर, दोन्ही मस्त. प्रायमर वाळला की 1500 नंबरचा सँडपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने, बोटाला काहीच लागायला नको.

प्रायमर काहून सोडायचा नाही ते सांगतो. मी सुरुवातीला खऱ्या कारच्या टच-अपचा स्प्रे आणला आणि सरळ प्लास्टिकवर मारला. त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारं उडून जाणारं द्रव, इतकं कडक होतं की दारावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या, पूर्ण बॉडी गेली. खूप वाईट वाटलं होतं तेव्हा.

आता खरा मुद्दा, हवा. परदेशातले व्हिडिओ बघता ना, त्यात सांगतात की डबा कोमट पाण्यात ठेवा म्हणजे स्प्रे बारीक निघतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी इथे ते बरोबर आहे, पण मे महिन्यात अजिबात नाही! पारा 45 वर असतो, डब्यावरच लिहिलेलं असते की 50 डिग्रीच्या वर नेऊ नका, म्हणजे गाडीच्या डिक्कीत ठेवून सीताबर्डीला चक्कर मारायची नाही, सरळ धोका आहे. आणि उन्हाळ्यात दुपारी मारला तर रंगाचा थेंब बॉडीपर्यंत पोचायच्या आधीच हवेत अर्धा वाळतो, मग तो पसरत नाही, पावडरसारखा बसतो. हात फिरवला की सँडपेपर.

मग आपण काय करतो, आत येतो, कूलर लावतो आणि कूलरच्या खोलीत मारतो. इथेच फसगत होते बघा. कूलर हवा गार करतो ती पाणी उडवूनच, हवेत ओल भरते. सॉल्व्हंट उडताना पेंटचा पृष्ठभाग थंड पडतो आणि ती ओल त्याच्यावर धरते, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. क्लिअर दुधाळ होऊन जातो. पावसाळ्यात तर कूलरशिवायही होते. तसं झालं तर घाबरू नका, कोरड्या दिवशी वरून हलका क्लिअर मारला की बहुतेक वेळा साफ होते.

मी उन्हाळ्यात सकाळी साडेपाच-सहाला मारतो, कूलर बंद, खिडकी उघडी, आणि तोंडाला केमिकलच्या वाफेचा कार्ट्रिज मास्क, कापडी मास्कने काहीच होत नाही. एअरब्रशवाल्यांनी मिस्टर लेव्हलिंग थिनर वापरा, त्यात रिटार्डर असते, पेंट जरा उशिरा वाळतो आणि स्वतःच सपाट होतो. पण पूर्ण वर्षात माझा आवडता काळ दिवाळीनंतरचा, थंडी सुरू झाली, हवा कोरडी, तेव्हाच मी लाल आणि काळ्या गाड्या काढतो.

कोट मारायचे असे. पहिला नुसता भुरका, 20 सेंटिमीटरवरून, प्रायमर दिसला तरी चालेल. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा तसाच. तिसरा ओला, थोडं जवळून, हात न थांबवता, बॉडीच्या बाहेरून सुरू आणि बाहेरच बंद. ओला कोट बसताना रंग आरशासारखा होतो, तो क्षण दिसतो, तिथेच थांबायचं, अजून एक फेरी मारली की ओघळ आलाच. डेकल, म्हणजे गाडीवरचे पातळ स्टिकर, असतील तर क्लिअरचे पहिले दोन-तीन कोट एकदम हलके, तामियाचा टीएस-13 जाड मारला तर डेकल सुरकुततात. मग बॉडीवर मोठा डबा उलटा झाकायचा, लू सुटली की घरात धूळ येतेच.

आणि आता थांबा. किमान आठवडाभर. नाक जवळ नेऊन वास घ्या, पेंटचा वास येतो म्हणजे आत सॉल्व्हंट आहे, अजून आकसणार. लवकर वाळावं म्हणून छतावर उन्हात ठेवू नका, प्लास्टिक वाकते.

वास गेला की 2000 चा पेपर, पाण्यात एक थेंब साबण, आणि घासायचं. पूर्ण गाडी मॅट होते, पहिल्या वेळी जीव वर येतो, पण बघा, जवळून दाखवतो, हे जे चमकते ठिपके राहिले ते खड्डे आहेत, ठिपके संपेपर्यंत घासायचं. कडांना आणि बॉनेटच्या उभ्या रेघेला हात लावू नका, तिथे पेंट सगळ्यात पातळ असतो, दोन फेऱ्यांत प्रायमर दिसते. मी तिथे मास्किंग टेप लावतो. मग 3000, मग कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, तामियाचं लाल झाकण, निळं, पांढरं, ह्याच क्रमाने, प्रत्येकाला वेगळं कापड, नाहीतर आधीचे जाड कण पुढे येऊन ओरखडे पाडतात.

शेवटी दाराच्या फटीत पांढरं कंपाउंड अडकते, ते मऊ टूथब्रशने पाण्याखाली काढा. आता ट्यूब लावतो... हे बघा.